पाटाचा कोळसा

मी जालन्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. पोरांकडून गणपती, मोर, डोंगरामागून उगवणारा सूर्य असलं सगळं काढून घेते. घरी मात्र मी कोळशानं काढते आणि एकच घर काढते, जाफ्राबाद तालुक्यातलं आमचं. चुलीत फुंकणारी बाई, दळणाऱ्या बाईच्या मांडीवर झोपलेलं लेकरू, परसात एकमेकींच्या उवा बघणाऱ्या दोघी, ओसरीवर आरसा खांबाला टेकवून दाढी करणारा बाप्या. बघणारे म्हणतात, किती प्रेमानं काढलंय हो घर. मी हो म्हणते. ह्यातली निम्मी चित्रं दातओठ खाऊन काढलेली आहेत, हे कुणाकुणाला सांगत बसू?

मागल्या वर्षी काढलेलं मोठं चित्र तर सरळ सूड म्हणूनच काढलं. सोज्वळ तोंड करून मी काही सांगणार नाही. मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या मायला त्या घराच्या बैठकीत बसवायचं, कायमचं, आणि तेही मोठ्या बाबांच्या डोळ्यांदेखत. 

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घर त्यांचं, शब्द त्यांचा. मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, लवकर वारली, तेव्हा त्यांचा मुलगा दहाएक वर्षांचा असेल. त्याच्यासकट घरातल्या नऊ माणसांचं सगळं माझ्या मायच्या अंगावर पडलं. सकाळ-संध्याकाळ भाकरी थापून तिच्या तळहाताच्या रेषा पुसट झाल्या होत्या. बाप्ये बैठकीत ओळीनं पाटावर जेवायचे. मोठ्या बाबांचा पाट वेगळा होता, कडुलिंबाच्या लाकडाचा, चार कोपऱ्यांना पितळी फुल्या ठोकलेला. त्यावर दुसरं कुणी बसत नसे. चुकून माझ्या वडिलांनी एकदा ओढून घेतला, तर मोठे बाबा न बोलता उभेच राहिले, वडील उठेपर्यंत. बायका मागनं जेवायच्या, आत, सारवलेल्या भुईवर. जेवायच्या म्हणजे काय, भांडी पुसायच्या.

तर मी बारा वर्षांची असताना आत्याला, माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीला, बघायला पाहुणे येणार होते. मायनं दोन दिवस खपून घर सारवलं आणि बैठकीच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारून काढल्या. इतकी कोरी भिंत मी आधी कधी बघितली नव्हती. माझा हात शिवशिवायला लागला. आमच्या चुलीत तुराटी जळायची, तुरीच्या वाळल्या काड्या. तिचा कोळसा मऊ असतो, बोटाला लागताच काळं करतो. एक काडी ओढून घेतली, विझवली, आणि पाहुणे यायच्या आधी, माय परसात अंघोळीला गेली असताना, मी बैठकीच्या भिंतीवर चित्र काढून मोकळी झाले.

काढलं काय, तर रोज बघत होते तेच. पाटावर ओळीनं बसलेले बाप्ये, आणि त्यांच्या पल्याड चुलीपाशी माय, पातेलं तिरकं धरून भाकरीच्या तुकड्यानं तळ पुसताना. पातेलं बराबर तिरकं जमलं होतं, त्याचाच मला केवढा आनंद. त्यात कुणाची तक्रार नव्हती. मला वाटलं, पाहुणे म्हणतील, पोरगी हुशार आहे.

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं चहा पिता पिता भिंतीकडं बघितलं आणि हसत विचारलं, की तुमच्यात बायकांना कालवण उरत नाही का काय. दोनचार जण हसले. मोठे बाबाही हसले. मग त्यांनी आतल्या दाराकडं तोंड करून मायला बाहेर बोलावलं. पाहुण्यांपुढं तिला कधी बोलावलं जात नसे, त्यामुळं ती आधी आलीच नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा डोक्यावरचा पदर पुढं ओढून आली.

“पोरगी तुझी. पूस ते,” मोठे बाबा म्हणाले.

माय फडकं बघायला वळली, तर म्हणाले, “फडकं कशाला पाह्यजे? पदर हाय न.”

त्या दिवशी तिच्या अंगावर तिची एकुलती एक चांगली साडी होती. पोपटी, बारीक जरीच्या काठाची. धावड्याहून तिचा भाऊ भाऊबीजेला घेऊन आला होता, आणि तिनं ती दोनदाच नेसली होती. त्या साडीचा पदर हातात गोळा करून ती भिंत पुसायला लागली. तुराटीचा कोळसा पुसून जात नाही, पसरतो. ती पुसत गेली तशी भिंत राखाडी होत गेली, आधी बाप्ये गेले, मग चूल, मग ती स्वतः, आणि मग सगळी बैठक मळकट झाली. दोन दिवसांचं काम पाण्यात. पाहुणे खाली बघत बसले. माझे वडील दाराबाहेर बांधलेल्या बैलाकडं बघत राहिले, जसं काही त्याला आत्ताच शिंगं फुटली होती. मी भिंतीला चिकटून उभी होते. बाकीच्या सगळ्यांकडं मायची पाठ होती, त्यामुळं तिचा चेहरा तेवढा मी एकटीनं बघितला.

बरं, सोयरीक मोडली असं म्हणाल तर तेही नाही. त्याच बैठकीत पक्की झाली आणि सुपारी फुटली. नुकसान कुणाचंच झालं नव्हतं. तरी पाहुणे फाट्याला पोचले नसतील तोवर मोठ्या बाबांनी सांगून टाकलं, की आजपासून हिनं बैठकीत पाय ठेवायचा नाही.

तेव्हा वाटलं, रागाच्या भरात बोलले असतील, चार दिवसांत विसरतील. कशाचं काय. माय अठरा वर्षं त्या बैठकीत गेली नाही. पाणी भरायला जायचं तर परसदारानं, शेतात जायचं तर परसदारानं, आख्ख्या घराला वळसा घालून. माझं लग्न झालं तेव्हा मांडव पुढच्या अंगणात होता, आणि ती मागनं वळसा घालून अक्षता टाकायला आली. पहिल्या वर्षी मी तिला म्हणायचे, जा न, कुणी बघत नाही. ती म्हणायची, जाऊ दे, आत काय सोनं ठेवलंय. पुढं पुढं मीही म्हणायचं सोडून दिलं, आणि ह्याचा मला माझाच राग आहे.

साडीचं म्हणाल तर ती तिनं टाकली नाही. काळा झालेला पदर आत खोचून, उलटी नेसून, फाटेपर्यंत वापरली.

ती गेली तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि नोकरीला लागले होते. पोचले तर तिला मागच्या परसात ठेवलेलं. तिरडी तिथंच बांधली होती, आणि तिला परसदारानं, उकिरड्याच्या बाजूनं बाहेर काढलं. कुणी मुद्दाम केलं असंही नाही. मी विचारलं. इकडनं सोपं पडलं, असं कुणीतरी म्हणालं. घराला सवय झाली होती. मोठे बाबा पुढच्या बैठकीत लोकांना भेटत होते, त्यांच्या त्याच पाटावर बसून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात पक्कं झालं, की हिला मी एक दिवस पुढच्या दारानं आत आणणार.

पुढं माझे वडीलही गेले. जुनं घर पाडून चुलतभावानं त्याच जागेवर स्लॅबचं बांधलं. बैठकीचा हॉल झाला. मी वर्षातून एकदोनदा जायचे, चहा घ्यायचे, मोठ्या बाबांच्या पाया पडायचे. हो, पडायचे. न पडता कुठं जाते?

मागल्या वर्षी चुलतभावाचा फोन आला. मी त्याला दादा म्हणते. मोठ्या बाबांना एक्क्याऐंशीवं लागणार होतं, आणि सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम करायचं चाललं होतं. मांडव, जेवण, एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळणं, सगळं. दादा म्हणाला, फ्लेक्स तर कुणीही लावतंय, तू बाबांचं हातानं काढलेलं मोठं चित्र दे, हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर लावू, जरा वजन येईल. त्याला हे स्वतःहून सुचलं, मी काडीचं सुचवलं नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या भिंतीची वाट बघितली ती भिंत त्यानं आपल्या हातानं मला दिली होती.

कोळशानं काढीन म्हटल्यावर त्याला जरा शंका आली. काळंपांढरं, फ्रेममध्ये, म्हणजे गेलेल्या माणसाचं वाटेल का. मी म्हटलं, मोठ्या लोकांच्या घरी असंच असतं. मग त्याला पटलं. काच लावणार नाही, लाईट चमकतो, फोटो नीट येत नाहीत, हेही मी सांगून ठेवलं. मधे त्यानं कुठवर आलंय ते दाखव म्हटलं, तर मोठ्या बाबांचा समोरून एक चेहरा पटकन काढून फोनवर पाठवला. अंगठा आला, वर हार आणि हात जोडलेले. तो चेहरा मी नंतर फाडला.

त्याआधी मी गावाला जाऊन आले होते. जुनी भांडी बघायची म्हणून माळ्यावर चढले. मोठ्या बाबांचा पाट तिथं पडला होता, एक पितळी फुली निघालेला. डायनिंग टेबल आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. खाली वहिनी, दादाची बायको, शिडी धरून उभी होती. ही वाटूरकडची. वीस वर्षांत मी तिला त्या हॉलमध्ये बसलेली बघितली नाही. तिला कुणी मनाई केलेली नाही हो. बसायची येळच येत न्हाई ताई, असं तीच म्हणते. आजही सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानं खाते, तव्यावरची शेवटची पोळी तव्यावरच.

तिनं विचारलं, “पाट कशाला नेऊन राह्यल्या ताई?”

मला थाप मारता आली असती. पण का कोण जाणे, मी शिडीवर बसूनच तिला सगळं सांगितलं. भिंत, पोपटी साडी, परसदार. पाटाचा कोळसा करणार आहे हेही सांगितलं. चित्रात काय असेल ते मात्र सांगितलं नाही. तिनं ऐकून घेतलं, साडीचा पदर कसा झाला होता ते पुन्हा एकदा विचारलं, आणि पाट गोणीत घालून दिला.

कोळसा करणं काही अवघड नाही. पाट करवतीनं कापला, चाकूनं तासून बोटाएवढ्या काड्या केल्या. पत्र्याच्या डब्यात त्या उभ्या गच्च भरल्या, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडलं, बाकी फटी मातीनं लिंपल्या, आणि गच्चीवर तीन विटांची चूल मांडून डबा जाळात ठेवला. भोकातून आधी पांढरा धूर येतो, मग त्या धुराला जाळ लागतो, मग जाळ विझतो. विझला की कोळसा तयार. त्याच्या आधी डबा उघडला तर आत राख. मला घाई नव्हती. शेजारीण विचारून गेली, काय भाजताय. म्हटलं, वांगी. डबा गार झाल्यावर उघडला, तर काड्या सगळ्या सरळ, काळ्या, खणखणीत. एक घेऊन भिंतीवर रेघ ओढली आणि एकटीच हसले. पाप लागत असेल तर लागो.

चित्र काढायला तीन आठवडे लागले. कागद माझ्या छातीएवढा उंच. अलीकडं, अगदी पुढं, एका माणसाची पाठ. रुंद, पाटावर मांडी घालून बसलेली, मानेवर तीन वळ्या, आणि उजव्या कानाची पाळी तुटकी. ती पाळी लहानपणी बैलाच्या शिंगानं तुटली होती, गावात ती बघून कुणीही मोठ्या बाबांना ओळखतं. ही पाठ मी त्यांच्याच पाटाच्या कोळशानं काढली. तिच्या पल्याड, समोरासमोर, बैठकीत, घड्याळाखाली, पाटावर बसलेली माय. ती तुराटीनं काढली. पातेलं नाही. भरलेलं ताट, दोन भाकरी, कालवणाची वाटी, कांदा, आणि ती जेवते आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा न बघितलेलं चित्र काढलं.

तिचा चेहरा काही केल्या येत नव्हता. तिचा धड एक फोटो नाही. लग्नाकार्यात फोटो निघायचे तेव्हा ती आत असायची, आणि मतदान कार्डावरचा फोटो तिचा आहे हे खालच्या नावावरून कळायचं. डोळे जमायचे, पण हनुवटी दुसऱ्याच बाईची यायची. चार कागद फाडले. शेवटी भिंत पुसतानाचा तिचा चेहरा आठवला, जो मी एकटीनं बघितला होता. त्यातलं रडू काढून टाकलं, आणि जो राहिला तो काढला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता खरी मेख. कोळशाचं चित्र असंच ठेवलं तर हात लागताच पुसतं. म्हणून लाकडाला पॉलिश करतात तो चपडा स्पिरिटमध्ये पातळ करून त्यावर फवारतात, मग ते कागदाला धरून बसतं. मी मायवर सात वेळा फवारलं. पुढची पाठ जाड पुठ्ठा कापून झाकून घेतली. मोठ्या बाबांवर एक थेंब पडू दिला नाही.

कारण मला माहीत होतं ते काय करतील. चित्र उघडलं की ओळखतील, उठतील, आणि खांद्यावरच्या उपरण्यानं ते पुसायला जातील. दोनशे माणसांपुढं. माय हलणार नाही, आणि ते स्वतःच्या हातानं स्वतःला पुसून टाकतील. मी ह्याचा इतक्या वेळा विचार केला होता, की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं.

व्हॅन करून चित्र नेलं. त्या पाठीला धक्का लागू नये म्हणून जालन्यापासून गावापर्यंत दोन्ही हातांनी फ्रेम उभी धरून बसले. माझ्या सख्ख्या बापाला मी इतकं जपलं नसेल.

फ्रेम पुढच्या दारानं आत नेली. ड्रायव्हर म्हणाला, मागनं सोपं पडेल, पायऱ्या कमी आहेत. मी त्याच्यावर अशी डाफरले की बिचारा दचकला. हॉलच्या समोरच्या भिंतीवर ती टांगली आणि वर शाल टाकली. आत्या, तीच, जिला बघायला पाहुणे आले होते, आता साठीला टेकलेली, आली आणि तिनं झाकलेल्या फ्रेमला हात जोडून तिच्यावर हार टाकला. खाली खुर्चीत मोठे बाबा जिवंत बसलेले. पांढरंशुभ्र धोतर, नवं कोरं उपरणं. दादानं घाईघाईनं हार काढला. मला हसू आवरेना.

दुपारी मांडवातली भाषणं झाली आणि घरचे, सोयरे, भावकीतले सगळे हॉलमध्ये गोळा झाले, दारात खिडकीत मिळेल तिथं. वहिनी एक्क्याऐंशी दिव्यांचं मोठं ताट घेऊन उभी होती. तिच्या अंगावर मोरपंखी पैठणी होती, तिच्या माहेरची, पहिल्यांदाच नेसलेली. दादानं मोबाईल सुरू केला आणि शाल ओढली.

कुणी टाळी वाजवली नाही. मग आत्या पुढं झाली, चष्मा वर केला, आणि हळूच म्हणाली, “अगं बया, ही तर वहिनी.”

माझ्या मायला ती वहिनी म्हणायची. एवढंच ऐकायला मी तीन आठवडे जागले होते. माय ओळखू आली होती. माय आत बसली होती. मागनं कुणीतरी विचारलं, मग हे पाठमोरं कोण. मी बघितलं, एकेकाची नजर त्या कानावर जात होती आणि तिथनं खुर्चीतल्या कानावर.

मोठे बाबा काठीवर रेटून उठले आणि चित्राच्या अगदी जवळ गेले. मोतीबिंदू काढलेला असला तरी नजर शाबूत आहे त्यांची. मी त्यांच्या उपरण्याकडं बघत होते. आता हात वर जाईल, आता जाईल. त्यांनी मान वळवली. माझ्याकडं नाही. सुनेकडं.

“पूस ते,” ते म्हणाले.

मी कसली मूर्ख. त्या घरात वाढले, आणि एवढं ध्यानात आलं नाही, की हा माणूस जन्मात स्वतःच्या हातानं काही पुसत नाही. पुसायला बाई असते. पस्तीस वर्षं मी जो दिवस मनात घोळवला त्यात फक्त ते होते आणि मी होते. ही ताट धरून उभी असलेली बाई त्यात नव्हतीच. मी तिच्याच पदरावर कोळसा आणून ठेवला होता. मी पुढं व्हायला गेले, पण मधे माणसं होती. दादाकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये बघत होता, अगदी माझे वडील बैलाकडं बघत होते तसा.

वहिनीनं दिव्यांचं ताट टेबलावर ठेवलं. पदर सावरला, नीट कमरेला खोचला. मग दोन्ही हात पुढं केले.

“साडी नवी हाय, मामंजी. उपरणं द्या तुमचं.”

आवाजात काही नव्हतं. चहात साखर किती घालू असं विचारावं तसा आवाज. उर्मटपणा म्हणावा तर एक शब्द वावगा नाही, आणि हुकूमही तर ती पाळतच होती. मोठ्या बाबांनी मुलाकडं बघितलं. मुलगा वर बघेना. सगळा गाव बघत होता. शेवटी मोठ्या बाबांनी खांद्यावरचं उपरणं ओढून तिच्या हातात दिलं. स्वतःच्या हातानं दिलं.

तिनं आधी मायवर फिरवलं. सात हात दिलेले असले तरी भरवसा काय? तिनं एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, उपरणं उलटून बघितलं. पांढरंच. माय जेवत होती तशीच जेवत राहिली. मग वहिनीचा हात खाली आला, त्या पाठीवर, आणि पहिल्याच फटकाऱ्यात मानेच्या वळ्या गेल्या. तिला कळलं. मी तिच्याकडं बघत होते, तिला नक्की कळलं. मग तिनं सगळी पाठ सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातनं, ओटा पुसतात तशी पुसून काढली. कान सगळ्यात शेवटी पुसला.

मग तिनं उपरण्याची घडी घातली, काळी बाजू वर ठेवून, आणि ते मोठ्या बाबांच्या खांद्यावर परत टाकलं.

“झालं, मामंजी,” ती म्हणाली, आणि दिव्यांचं ताट उचललं.

बायकांनी त्यांना ओवाळलं, एक्क्याऐंशी दिव्यांनी, काळं उपरणं खांद्यावर तसंच. सगळे फोटो तसेच निघाले. मला वाईट वाटलं का, असं माझ्या नवऱ्यानं नंतर विचारलं. नाही वाटलं. म्हातारा माणूस, हातात काठी, हे सगळं मी बघितलं, आणि तरी नाही वाटलं. वाटलं ते वहिनीचं. मी तिला न विचारता तिला तिथं उभं केलं होतं, आणि ती निभावून गेली म्हणून मी सुटले. जाताना तिचे हात धरून तसं म्हणाले, तर ती म्हणाली, जाऊ द्या ताई, जेवून घ्या, पंगत बसून राह्यली. आणि मग, मीबी येते, असं म्हणाली. आम्ही दोघी हॉलमध्ये बसून जेवलो, चित्रासमोर.

चित्र अजून तिथंच आहे. दादा दोनदा काढायला गेला होता, वहिनीनं खिळा निघत नाही म्हणून सांगितलं. मायच्या पुढ्यात आता एक मोठा राखाडी ढग आहे, आणि त्याच्यापलीकडं ती भाकर मोडते आहे. मोठ्या बाबांची खुर्ची बरोबर समोर येते. तिची जागा बदलायला ते सांगत नाहीत, आणि दुसरं कुणी बदलत नाही.

परवा वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिनं विचारलं, “ताई, उपरण्याचं काळं कशानं निघंल वो? मामंजी रोज इचारतेत.”

“निघत न्हाई ते,” मी म्हटलं. “सोडा, लिंबू, रिठे, रॉकेल. मायनं समदं करून बघितल्तं.”